वाऱ्याशी वाटाघाट करणारा : पॉल रुडॉल्फ

मित्रांनो, समजा तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तुम्हाला असा प्रश्न टाकला. समुद्राकाठचं गाव आहे. उन्हाळ्यात पारा बत्तीस-तेहतीसच्या घरात, पण हवा इतकी दमट की शर्ट अंगाला चिकटलेला. दुपारी गडगडाट आणि पाऊस, संध्याकाळी डासांचे थवे. शिवाय जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत कधीही चक्रीवादळ येऊ शकतं. घराला लागून एक उघडी, फरसबंद ओसरी आहे. तिकडचे लोक तिला पॅटिओ म्हणतात. मालकाला ती बंदिस्त करून हवी आहे. मात्र वारा आत आला पाहिजे, ऊन, पाऊस आणि डास बाहेर राहिले पाहिजेत, आणि वादळात घर जागेवर टिकलं पाहिजे. बजेट बेताचं. करा डिझाइन!

आपल्यातले बहुतेक जण काय करतील? वर स्लॅब टाकतील, बाजूने विटांची भिंत घेतील, सरकत्या खिडक्या लावतील आणि शेवटी एक एसी बसवून मोकळे होतील. उत्तर चूक नाही, पण त्यात ओसरी उरत नाही, आणखी एक खोली तयार होते.

हाच प्रश्न साधारण पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका तिशीतल्या पोराने अंगावर घेतला. त्याने एकदा नाही, चार-पाच वेळा वेगवेगळी उत्तरं काढली. काही टिकली, काही वादळाने उडवून नेली. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, मग लोकांच्या मनातून उतरला आणि मेल्यानंतर पुन्हा वर आला. त्याचं नाव पॉल रुडॉल्फ. आर्किटेक्चरच्या मुलांना हे नाव माहीत असतं. आपण इंजिनिअरिंगवाले मात्र त्याला फारसे ओळखत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

धर्मोपदेशकाचा मुलगा

पॉल मार्विन रुडॉल्फचा जन्म २३ ऑक्टोबर १९१८ रोजी केंटकी राज्यातल्या एल्क्टन नावाच्या लहान गावात झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. म्हणजे बदलीची नोकरीच म्हणा ना! आज या गावात, तर काही वर्षांनी दुसऱ्या. त्यामुळे पॉलचं बालपण अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरण्यात गेलं. हा भाग उष्ण आणि दमट. तिथल्या जुन्या घरांना खोल व्हरांडे, उंच छत आणि समोरासमोर दारं असत. वीज नसलेल्या काळात लोकांनी उकाड्यावर शोधलेले हे उपाय. असली घरं पाहत पोरगा मोठा झाला. चित्रकला आणि पियानो या दोन गोष्टींचं त्याला वेड होतं आणि पियानो तो चांगला वाजवायचा.

१९४० मध्ये अलाबामा पॉलिटेक्निकमधून त्याने आर्किटेक्चरची पदवी घेतली. हीच संस्था आज ऑबर्न विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्याच राज्यात फ्लॉरेन्स गावी फ्रँक लॉइड राइटने रोझेनबाऊम कुटुंबासाठी एक घर बांधलं होतं. ते पाहून रुडॉल्फ भारावून गेला. लांबलचक छज्जे, बसकं छत, आत-बाहेर यांच्यातली सीमा जवळजवळ पुसलेली. हे घर त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेलं नाही.

पदवीनंतर थोडे दिवस नोकरी करून १९४१ मध्ये तो फ्लोरिडातल्या सॅरासोटा या गावी राल्फ ट्विचेल यांच्याकडे कामाला लागला. ट्विचेल त्याच्यापेक्षा तब्बल २८ वर्षांनी मोठे. ते नुसते नकाशे काढत नसत, घरं स्वतः बांधतही असत. कुठला ठोकळा स्वस्त पडतो, खाऱ्या हवेत कुठलं लाकूड टिकतं, गावातला सुतार काय करू शकतो आणि काय नाही, हे सगळं त्यांना पाठ. साइटवरचं शिक्षण रुडॉल्फला इथे मिळालं. नंतर तो हार्वर्डला गेला. तिथे वॉल्टर ग्रोपियससारखा गुरू भेटला, आय. एम. पेई आणि फिलिप जॉन्सनही त्याच काळात हार्वर्डमध्ये शिकत होते.

जहाजांची कापडं आणि घराचं छत

मध्येच दुसरं महायुद्ध आलं. रुडॉल्फ नौदलात भरती झाला आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या गोदीत त्याची नेमणूक झाली. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट राहिलं, ते त्याने युद्धानंतर १९४७ मध्ये पूर्ण केलं. पण गोदीतला काळ फुकट गेला नाही. पातळ प्लायवूड कसं वाकवतात, कमी वजनात ताकद कशी काढतात हे त्याने तिथे पाहिलं. वापरात नसलेल्या जहाजांचे भाग गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकचा लवचीक थर फवारण्याची पद्धत होती. रेशमाच्या किड्याच्या कोशासारखं आवरण ते, म्हणून त्याला कोकून म्हणत.

सॅरासोटाला परतल्यावर त्याने ही युक्ती थेट घरावर लावली. ट्विचेल यांच्या सासू-सासऱ्यांसाठी सिएस्टा की या बेटावर एक छोटं पाहुणेघर बांधायचं होतं. १९५० मध्ये पूर्ण झालेलं हे घर कोकून हाउस म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याचं छत वर फुगलेलं नसून खाली झोळीसारखं आहे. होस्टेलच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन टोकांना बांधलेली दोरी आपल्याच वजनाने जो बाक घेते, त्या वक्राला कॅटेनरी म्हणतात. रुडॉल्फने दोन बाजूंच्या मधल्या बावीस फुटांत दोरीऐवजी पोलादाच्या चपट्या पट्ट्या टांगल्या, त्यांवर उष्णतारोधक फळ्या टाकल्या आणि वरून जहाजांवरचा तोच प्लॅस्टिकचा थर फवारला.

आता मेकॅनिक्स आठवा. टांगलेल्या पट्टीत फक्त ताण असतो, वाकण्याचा प्रश्न नाही, म्हणून ती अगदी पातळ चालते. पण हा ताण दोन्ही बाजूंच्या खांबांना आतल्या बाजूला खेचतो. तो तोलायला बाहेरून तिरप्या पोलादी पट्ट्या लावाव्या लागल्या. बाजूच्या भिंती म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पट्ट्यांच्या झडपा. हव्या तेवढ्या तिरप्या करा, वारा येतो, ऊन अडतं, पाऊसही बराचसा बाहेर राहतो. पूर्ण भिंतच श्वास घेते असं समजा.

खरं सांगायचं तर बावीस फुटांसाठी एवढा खटाटोप गरजेचा नव्हता. साध्या लाकडी तुळयांनी काम भागलं असतं. पण पंचविशी ओलांडलेल्या माणसाला नवीन साहित्य हाती लागलं की ते वापरून पाहावंसं वाटतंच. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये सेन्सरची गरज असो-नसो, सेन्सर असतोच ना, तसं! फरक इतकाच की रुडॉल्फ यातून शिकला. पुढचं घर त्याने उलट टोकाने सोडवलं.

तोफगोळ्यांचं घर

१९५२ च्या सुमारास तो ट्विचेल यांच्यापासून वेगळा झाला. स्वतःच्या नावावरच्या पहिल्या कामांपैकी एक होतं सॅनिबेल बेटावरचं वॉकर यांचं पाहुणेघर. बेटावर तेव्हा पूल नव्हता, सामान बोटीतून न्यावं लागे. म्हणून रुडॉल्फने ठरवलं की लाकूडवखारीत मिळणाऱ्या साध्या, ठरलेल्या मापाच्या लाकडांतच घर बांधायचं.

घर बरोब्बर २४ फूट बाय २४ फूट. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या छोट्या वन बीएचकेएवढं. चौरसाचे चार भाग : बसायची जागा, जेवणाची जागा, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर-न्हाणीघर. खरी गंमत मात्र बाहेर आहे. घराच्या चारी बाजूंना, भिंतीपासून थोडी पुढे, पांढऱ्या लाकडाची बारीक चौकट उभी आहे. प्रत्येक बाजूला तीन गाळे. त्यांपैकी एक गाळा काचेचा आणि उरलेल्या दोन गाळ्यांना जाळी आणि बाहेरून मोठी लाकडी झडप. अशा एकूण आठ झडपा. प्रत्येक झडपेला दोरी, दोरी कप्पीवरून गेलेली आणि दुसऱ्या टोकाला लाल रंगाचा सुमारे ३५ किलोचा लोखंडी गोळा. गोळ्याचं वजन झडपेला तोलून धरतं, त्यामुळे एकटा माणूस एका हाताने ती वर-खाली करू शकतो. या लाल गोळ्यांमुळे त्याचं नाव तोफगोळ्यांचं घर पडलं.

आता हे चालतं कसं बघा. उकाड्याच्या दिवशी आठही झडपा वर करायच्या. झडप आडवी झाली की तीच बाहेरच्या पडवीचं छप्पर बनते आणि जाळीवर सावली धरते. वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जातो. घर म्हणजे नुसता मंडप! थंडीत वाऱ्याच्या बाजूच्या झडपा खाली, उन्हाच्या बाजूच्या वर. आणि वादळाची सूचना आली की सगळ्या खाली ओढून पक्क्या करायच्या. मंडपाची पेटी झाली.

यामागचं इंजिनिअरिंग साधं पण महत्त्वाचं आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. त्यात वारा नुसता ढकलत नाही, छतावरून जाताना ते वर ओढतो. अशा वेळी वाऱ्याकडची एखादी खिडकी फुटली तर आत घुसलेली हवा छताला खालून ढकलते आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. दोन्ही जोर एकत्र आले की छप्पर उडतं. म्हणून वादळात घर वाचवायचं तर आधी उघड्या जागा वाचवायच्या. उघडी झडप हे वादळाला दिलेलं आमंत्रण, तर बंद झडप हीच ढाल. एकच वस्तू सावली देते आणि ढालही होते, ही इथली युक्ती. त्यासाठी मोटर लागली नाही, वीज लागली नाही. वादळात सगळ्यात आधी जाते ती वीजच, हे आपल्या कोकणातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

या घरात राहणाऱ्याला मात्र रोज काम करावं लागतं. आज ऊन कुठून, वारा कुठून, हे बघून दोऱ्या ओढाव्या लागतात. घर वापरणारा आळशी असेल तर हे डिझाइन नापास!

घरावर छत्री

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, सॅरासोटाजवळच्या लिडो शोअर्स या वसाहतीत फिलिप हिस नावाच्या बांधकाम व्यावसायिकासाठी त्याने तिसरं उत्तर दिलं. इथे ओसरी मोठी, तिच्यात पोहण्याचा तलाव. एवढी जागा बंद कशी करायची? रुडॉल्फने ती बाजूने बंदच केली नाही. त्याने संपूर्ण घर, ओसरी आणि तलाव यांच्यावर उंच खांबांवर लाकडी पट्ट्यांचा एक भलामोठा मांडव घातला. पट्ट्यांसाठी वापरल्या टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या काठ्या! शेतीच्या दुकानात त्या स्वस्त मिळत.

घराचं खरं छत या मांडवाच्या खाली वेगळं होतं. ऊन आधी पट्ट्यांवर पडायचं, तापायच्या त्या पट्ट्या, आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती गरम हवा वाहून न्यायचा. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरावर लोक नारळाच्या झावळ्या टाकतात, त्यामागचं तत्त्व हेच. पट्ट्यांमध्ये फटी असल्यामुळे वारा बराचसा आरपार जातो, सलग पत्र्यावर येतो तेवढा जोर तिथे येत नाही. या घराला नाव पडलं अंब्रेला हाउस, छत्रीचं घर. अमेरिकेतल्या मासिकांत फोटो झळकले आणि सॅरासोटा हे नाव आर्किटेक्टांच्या नकाशावर आलं.

पण छत्री ती छत्रीच. १९६६ च्या जून महिन्यात ॲल्मा नावाचं वादळ आलं आणि त्या मांडवाचे तुकडे झाले. खालचं घर उभं राहिलं. पुढे कित्येक वर्षं हे घर छत्रीविना छत्रीचं घर म्हणून मिरवत होतं.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. मांडव पडला म्हणजे डिझाइन फसलं का? काही लोक तसं म्हणतील. पण त्या काठ्या हलक्या होत्या, स्वस्त होत्या आणि मुख्य घराचा भार त्यांच्यावर नव्हता. मांडव गेल्याने घर कोसळलं नाही. दुसऱ्या बाजूने बघाल तर उडालेली प्रत्येक काठी वादळात शेजाऱ्याच्या खिडकीवर आदळू शकते. म्हणजे हलकं बांधणं पुरेसं नाही, हलकी वस्तू कशाला आणि किती घट्ट बांधली आहे हेही तितकंच महत्त्वाचं. डिझाइनचं खरं मोजमाप जोडांमध्ये असतं. आपले स्टीलचे सर लेक्चरला बोल्टवर एवढा वेळ का घालवतात ते इथे कळतं!

शिखर आणि घसरण

१९५८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, रुडॉल्फ येल विद्यापीठाच्या आर्किटेक्चर विभागाचा प्रमुख झाला आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिला. पुढे जगभर नाव काढलेले नॉर्मन फॉस्टर आणि रिचर्ड रॉजर्स हे दोघं ब्रिटिश तिथे त्याचे विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्या कामाची तो चिरफाड करायचा, पण स्वतःही तितकाच राबायचा. त्याची शाईने काढलेली ड्रॉइंग्ज आजही थक्क करतात. इमारत उभी कापून आतलं सगळं पर्स्पेक्टिव्हमध्ये दाखवायचं, आणि छाया दाखवायला हजारो बारीक रेषा. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट मारताना रडणाऱ्या मंडळींनी ती एकदा जरूर बघावीत.

या काळात त्याचा हातही बदलला. हलकं लाकूड गेलं, काँक्रीट आलं. १९६१ मध्ये फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावर, जॅक्सनव्हिलजवळ, त्याने मिलाम यांचं घर बांधलं. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला काँक्रीट ब्लॉकच्या खोल चौकटी आहेत. झडप नाही, दोरी नाही. चौकटीची खोलीच सावली पाडते. हे एकाच प्रश्नाचं चौथं उत्तर, रोज दोऱ्या न ओढणाऱ्या माणसासाठी.

१९६३ मध्ये येलची कला आणि आर्किटेक्चरची इमारत उभी राहिली. आत जमिनीच्या तब्बल ३७ वेगवेगळ्या पातळ्या. काँक्रीटच्या भिंतींवर उभ्या पन्हळी, आणि त्यांच्या कडा हातोड्याने ठोकून फोडलेल्या, त्यामुळे भिंत जाड कॉर्डरॉय कापडासारखी दिसते. सुरुवातीला सगळीकडून वाहवा झाली. मग तिथे रोज बसणारे बोलू लागले. चित्रकलेच्या मुलांना स्टुडिओतला प्रकाश चालेना, शिल्पकलेच्या मुलांना बुटकं तळघर मिळालं, मोठ्या काचांमधून येणाऱ्या उन्हाने माणसं हैराण. फ्लोरिडात उन्हाचं गणित सोडवणाऱ्याच्या इमारतीत उन्हाबद्दल तक्रार व्हावी, यासारखं दुर्दैव नाही. १४ जून १९६९ रोजी तिथे मोठी आग लागली. ती कशाने लागली हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

तोवर काळच फिरला होता. काँक्रीटच्या दणदणीत इमारती लोकांना नकोशा झाल्या. फ्लोरिडातही एसी घरोघरी पोचला. खिडक्या कायमच्या बंद झाल्या, झडपा आणि खोल छज्जे जुनाट ठरले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या या आघाडीच्या आर्किटेक्टकडे कामं कमी होत गेली. ज्या मासिकांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच तोंड फिरवलं.

पुन्हा उष्ण कटिबंधात

दुसरा एखादा खचला असता. रुडॉल्फ ड्रॉइंग बोर्डवरून उठला नाही. ऐंशीच्या दशकात त्याला आशियातून बोलावणी आली : सिंगापूर, हाँगकाँग, जकार्ता. म्हणजे परत तेच, दमट उकाडा आणि मुसळधार पाऊस, हाँगकाँगला तर वर टायफूनही. सिंगापूरची कॉलोनेड ही निवासी इमारत आणि १९८८ मधले हाँगकाँगचे लिप्पो सेंटरचे जुळे मनोरे ही त्याचीच कामं.

यात आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात बघण्यासारखी आहे जकार्तामधली धर्माला ही कार्यालयांची उंच इमारत. इंडोनेशियातल्या पारंपरिक घरांना उतरती, पुढे आलेली छपरं असतात. रुडॉल्फने तशी उतरती छपरं प्रत्येक मजल्याला दिली आणि मध्ये मोकळ्या गच्च्या ठेवल्या. ऊन थेट काचेवर येत नाही, पाऊस उतारावरून निघून जातो, एसीवरचा भार कमी होतो. म्हणजे सॅनिबेलच्या २४ फुटी घरातली आडवी झडप उंच मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर चढली. तिशीत शिकलेलं सत्तरीत कामाला आलं.

८ ऑगस्ट १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फचं निधन झालं. आजार होता मेसोथेलिओमा, ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा कर्करोग. ज्या काळात तो बांधकाम शिकला त्या काळात ॲस्बेस्टॉस हे आगीपासून वाचवणारं गुणी साहित्य मानलं जायचं. नव्या साहित्याच्या प्रेमात पडताना हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

माणूस गेल्यानंतर

त्याच्या मृत्यूनंतरची हकीकत एखाद्या हिशोबाच्या वहीसारखी आहे, जमा आणि खर्च दोन्ही. येलची इमारत दुरुस्त होऊन २००८ मध्ये तिला रुडॉल्फ हॉल हे नाव मिळालं. पण लगेच २००९ मध्ये सॅरासोटातलं त्याचं रिव्हरव्ह्यू हायस्कूल पाडलं गेलं. २०१५ मध्ये छत्रीच्या घरावर छत्री परत आली. आकार जुनाच, मात्र टोमॅटोच्या काठ्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. त्याच वर्षी तोफगोळ्यांच्या घराची हुबेहूब प्रतिकृती सॅरासोटात लोकांना बघायला उभी केली गेली. मूळ घर २०१९ मध्ये लिलावात विकलं गेलं आणि सुटं करून बेटावरून हलवण्यात आलं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने सॅनिबेल बेटाची दैना केली. साध्या लाकडांचं, सुटं करता येण्याजोगं घर असल्याचा असाही फायदा!

सॅंडरलिंग बीच क्लबचं नशीब मात्र तसं नव्हतं. १९५२ मध्ये सिएस्टा कीच्या वाळूत रुडॉल्फने पातळ वाकवलेल्या प्लायवूडच्या कमानी छताच्या छोट्या खोल्या बांधल्या होत्या. त्या सत्तर वर्षं टिकल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळात नष्ट झाल्या. योगायोग असा की त्याच महिन्याअखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं.

मग ओसरी कशी बंद करायची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आज फ्लोरिडात ओसरी बंद करायची म्हणजे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची चौकट आणि जाळी. जाळीतून वारा येतो, डास येत नाहीत. पण बारीक जाळी वारा बराच कमी करते, म्हणून नुसती एका बाजूला जाळी लावून भागत नाही, वारा बाहेर जायलाही तेवढीच वाट हवी. जाळी ऊन फारसं अडवत नाही, त्यासाठी वर छप्पर किंवा पट्ट्या हव्यात. पावसासाठी काही जण जाळीच्या जागी व्हिनाइल किंवा ॲक्रिलिकचे पारदर्शक पॅनेल बसवतात. आणि खरा धोका तिथे आहे. सलग पॅनेल लावलं की वाऱ्याला आरपार वाट राहत नाही, सगळा जोर त्या बारीक चौकटीवर येतो.

१९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातली हजारो घरं उद्ध्वस्त केली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. त्या नियमावलीत अशा बंदिस्त ओसऱ्यांसाठी एक छान तरतूद आहे. व्हिनाइल आणि ॲक्रिलिकचे पॅनेल काढता येण्याजोगेच हवेत आणि वाऱ्याचा वेग ताशी ७५ मैलांवर, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरवर जाणार असेल तर ते काढून ठेवा, अशी सूचना त्यांच्यावर चिकटवलेली असली पाहिजे. थोडक्यात, वादळात ओसरीने पुन्हा ओसरी व्हायचं, वाऱ्याला वाट द्यायची आणि मुख्य घराने मात्र सगळी दारं-खिडक्या घट्ट मिटायची. रुडॉल्फच्या घरांनी जे दाखवलं तेच हे. एकाच बांधकामाला दोन अवस्था असाव्यात, रोजची एक आणि वादळाची एक. आणि एकीतून दुसरीत जायला माणसाला जमेल इतकी सोपी युक्ती असावी.

त्यामुळे तोंडी परीक्षेतलं उत्तर काहीसं असं देता येईल. आधी सावली, तीही छतापासून वेगळी. मग समोरासमोर वाट असलेली जाळी. मग झडपा, ज्या बंद केल्यावर घराची ढाल होतील. जे हलकं आहे ते एकतर घट्ट बांधा किंवा वेळेवर काढून आत ठेवा. आणि ओसरीचं छप्पर मुख्य छपराला असं जोडू नका की एक जाताना दुसऱ्याला घेऊन जाईल.

रुडॉल्फ काही देवमाणूस नव्हता. त्याने चुका केल्या, काही मोठ्या केल्या. पण त्याच्या आयुष्याकडे बघताना जाणवतं की त्याने एक प्रश्न जन्मभर सोडला नाही. झोळीचं छत, तोफगोळे, टोमॅटोच्या काठ्या, काँक्रीटच्या चौकटी, जकार्ताची उतरती छपरं, ही सगळी त्याच एका प्रश्नाची उत्तरं : उघडं राहायचं की मिटून घ्यायचं? प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरातली उणीव त्याला दिसली आणि त्याने नवीन कागद घेतला. आपण मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री मागच्या बॅचची फाइल शोधत हिंडतो!

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी बाल्कनीला काचा लावून आत एसी बसवताना दिसला, तर त्याला निदान एवढं तरी विचारा की वारा कुठून येतो आणि कुठून जातो. तेवढ्या एका प्रश्नावर एका माणसाची पन्नास वर्षं गेली आहेत.